पडद्यावरचा गोल्फ आणि गवतावरचा गोल्फ: नवी मुंबईत खेळ सुरू करणाऱ्यांसाठी

खारघरच्या गोल्फ मैदानावरचा माझा पहिला दिवस. हातात सात नंबरचा आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब (गोल्फची काठी). चार महिने दर शनिवारी सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर चेंडू मारायच्या यंत्रावर, याच क्लबने मी चेंडू 140 यार्डांवर टाकत होतो. इथे पहिलाच फटका मारला आणि क्लब चेंडूच्या तीन बोटं मागे जमिनीत घुसला. गवतासकट मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू जेमतेम तीस पावलांवर जाऊन थांबला. बरोबरचा कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी सांभाळणारा मदतनीस, काही न बोलता पुढे गेला, ढेकूळ उचलून आणलं, खड्ड्यात नीट बसवलं, बुटाने दाबलं आणि मग म्हणाला, "दादा, आधी माती लागतेय, चेंडू नंतर. आतापर्यंत मॅटवर खेळलाय का तुम्ही?"

एका फटक्यात त्याने ओळखलं. त्या दिवसानंतर मी दोन्हीकडे खेळतो, आणि ठाणे-नवी मुंबईतले जे मित्र नव्याने या खेळाकडे वळतात त्यांना दोन्हीकडे खेळायलाच सांगतो. फक्त कुठे काय शिकायचं हे आधी ठरवून घ्यावं लागतं. चेंडू क्लबवरून सुटल्यावर त्याचं काय झालं, हे सिम्युलेटर फार छान सांगतो. चेंडू कशावर बसलाय आणि तुमचे पाय कशावर उभे आहेत, हा प्रश्न मात्र मैदानच विचारतं. अर्धा गोल्फ त्या प्रश्नात आहे.

आधी हे बघा, की व्हर्च्युअल म्हणजे नेमकं कोणतं

फोनवर किंवा कन्सोलवर बोटांनी खेळायचा गोल्फ हा एक प्रकार. त्याने अंग शिकत नाही, पण डोकं शिकतं. पार म्हणजे काय, कुठल्या अंतराला कोणता क्लब, वारा समोरून असला की एक पायरी मोठा, म्हणजे लहान नंबराचा आणि लांब जाणारा क्लब का घ्यायचा, पाण्यावरून मारण्यापेक्षा बाजूने जाणं कधी शहाणपणाचं, हे सगळं घरी सोफ्यावर बसून समजतं. ज्याला बर्डी आणि बोगी यांतला फरक माहीत नाही, त्याने आठवडाभर असा खेळ खेळावा, मैदानावर गोंधळ कमी होतो. पार म्हणजे एका होलसाठी ठरवून दिलेले फटके, बर्डी म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, बोगी म्हणजे एक जास्त.

डोक्याला लावायच्या व्हीआर संचात हात फिरवता येतो, पण हातात क्लबचं वजन नसतं आणि चेंडूला लागल्याचा धक्का नसतो. मजा म्हणून ठीक आहे. त्यावर स्विंग घडवायला जाऊ नका.

तिसरा प्रकार सिम्युलेटर, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे. खरा क्लब, खरा चेंडू, पायाखाली कृत्रिम गवताची मॅट, समोर जाड कापडी पडदा आणि त्यावर प्रोजेक्टरने दाखवलेलं मैदान. दक्षिण कोरियात हा प्रकार घरोघरी माहीत आहे. तिथे जागा कमी, हिवाळा कडक आणि मैदानावरची फेरी महाग, म्हणून लोक संध्याकाळी ऑफिसातून थेट पडद्यासमोर जातात. आपल्याकडे थंडी नाही, पण जागेची अडचण तीच आहे आणि वर चार महिन्यांचा पाऊस. टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय या नामांकित गोल्फपटूंच्या पुढाकाराने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत टीजीएल ही स्पर्धा सुरू झाली. तीत लांबचे फटके भल्यामोठ्या पडद्यावर मारतात, पण ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, आले की खऱ्याखुऱ्या पृष्ठभागावर खेळतात. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) आणि पुट (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणं) पडद्यावर सोडवत नाहीत, हे नव्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सिम्युलेटरवरचं पहिलं सत्र

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. दर माणशी आहे की बेला, म्हणजे एका सिम्युलेटरच्या जागेला, तासाप्रमाणे? बेचा असेल तर चार मित्रांत वाटून स्वस्त पडतो. क्लब तिथे मिळतात का? आणि तुम्ही डावखुरे असाल तर यंत्र डावखुऱ्यांसाठी लावता येतं का? काही ठिकाणी यंत्र एका बाजूला बसवलेलं असतं आणि ऐनवेळी पंचाईत होते. एकट्याने 18 होल खेळायला साधारण तास लागतो, चौघांना साडेतीन-चार तास. पहिल्या दिवशी 18 होल खेळूच नका. रेंज नावाचा सराव प्रकार निवडा आणि एक तास फक्त सात नंबरचा आयर्न आणि वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) वापरा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, हातात घ्यायचा मोह होतोच, कारण पडद्यावर तो आवाज आणि ते उड्डाण फार सुंदर दिसतं. सहा-सात सत्रं तरी थांबा. ज्याची सुरुवात ड्रायव्हरने होते त्याचे हात जोर लावायला शिकतात आणि मग ती सवय मोडता मोडत नाही.

क्लब विकत घेण्याची घाई करू नका. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, पण नव्या खेळाडूचं काम सात नंबर, पिचिंग वेज आणि पटर (पुट मारायचा क्लब) या तिघांवर कित्येक महिने चालतं.

शक्य असेल तर पहिली तीन-चार सत्रं प्रशिक्षकाबरोबर करा. क्लब धरायची पद्धत एकदा चुकीची बसली की नंतर बदलताना बोटं दुखतात आणि महिनाभर चेंडूच लागत नाही. ग्रिप किती घट्ट? टूथपेस्टची उघडी ट्यूब हातात आहे आणि पेस्ट बाहेर यायला नको आहे, इतपत.

आकडे कसे वाचायचे

सिम्युलेटरची खरी किंमत इथे वसूल होते. मैदानावर चेंडू उजवीकडे गेला एवढंच दिसतं. यंत्र का गेला तेही सांगतं.

आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या. काही यंत्रं रडारवर चालतात, काही वेगवान कॅमेऱ्यांवर. तुमच्या चेंडूचा खरा प्रवास तीन-चार मीटरचा, मग तो कापडावर आदळतो. तेवढ्यात यंत्र त्याचा वेग, उठण्याचा कोन, दिशा आणि फिरकी टिपतं. त्यापुढचं सगळं उड्डाण हे गणित असतं. चांगल्या यंत्राचं गणित अगदी जवळचं असतं, पण त्यात तुमच्या मैदानावरची झाडाची फांदी, घट्ट झालेली जमीन किंवा दुपारी अचानक फिरलेला वारा नसतो.

पडद्याच्या कडेला दहा-पंधरा आकडे झळकतात. नव्याने शिकणाऱ्याने चारच बघावेत.

पहिला कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे जमिनीला टेकला तिथवरचं अंतर. शेजारी मोठ्या अक्षरात टोटल दिसतं, त्यात घरंगळणंही धरलेलं असतं. मित्रांना सांगायला टोटल बरं वाटतं, पण मैदानावर बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी ओलांडायचं असेल तेव्हा कॅरीच लागतो. माझे ते 140 यार्ड टोटल होते. कॅरी 126 होता, आणि हे मला चार महिन्यांनी कळलं. घरी एक छोटी वही ठेवा, प्रत्येक क्लबचा कॅरी लिहा. सगळ्यात लांब गेलेला फटका लिहायचा नाही, दहापैकी सहा-सात फटके ज्या अंतरावर पडतात ते लिहायचं. एक यार्ड म्हणजे 0.91 मीटर, आपला जुना वार.

दुसरा आकडा फेस अँगल, म्हणजे चेंडूला लागताना क्लबचं तोंड कुठे होतं. तिसरा क्लब पाथ, म्हणजे क्लब कुठल्या वाटेने आला. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने, आणि पुढे हवेत वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकाने. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ सुटून उजवीकडे वळत असेल तर तोंड सरळ आहे, पण क्लब बाहेरून आत, डावीकडे ओढला जातोय. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की महिनोन्‌महिने चाचपडणं वाचतं. मला स्वतःला सिम्युलेटरने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

चौथा स्मॅश फॅक्टर: चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. ड्रायव्हरला हा साधारण 1.5 च्या पुढे जात नाही. तुमचा 1.3 येत असेल तर आणखी जोर लावून उपयोग नाही, चेंडू क्लबच्या मधोमध लागत नाहीये. आमच्यातल्या एकाने जोर कमी केला आणि चेंडू दहा यार्ड पुढे जायला लागला. कारण हेच.

बाकीच्या आकड्यांकडे सहा महिने दुर्लक्ष केलं तरी चालेल.

मॅट चूक झाकते

आता त्या ढेकळाकडे वळतो. आयर्नचा फटका खालच्या दिशेने असतो: आधी चेंडू, मग किंचित पुढची जमीन. क्लब आधीच जमिनीला टेकला तर गवतावर तो रुततो, वेग मरतो, चेंडू पडतो. मॅटवर मात्र खाली कठीण पृष्ठभाग असतो. दोन-तीन बोटं मागे टेकलेला क्लब त्यावरून घसरत जातो आणि चेंडूला बऱ्यापैकी लागतो. पडद्यावर चेंडू छान उडतो. क्लब आधी कुठे टेकला हे यंत्र धरत नाही, त्यामुळे त्याची तक्रार नाही. तुम्ही खुश होऊन तीच चूक पुन्हा पाचशे वेळा करता आणि ती अंगात मुरते.

याला एक साधा उपाय आहे. हात पुसायचा छोटा टॉवेल घडी करून चेंडूच्या मागे चार बोटं अंतरावर मॅटवर ठेवा. क्लब टॉवेलला लागला तर फटका बाद, पडद्यावर काहीही दिसो. पहिल्या दिवशी दहापैकी सात फटक्यांत माझा टॉवेल उडाला. तीन आठवड्यांनी दोनदाच उडत होता, आणि त्यानंतर गवतावर माझ्या चेंडूचा आवाजच बदलला. बेच्या चालकाला आधी विचारून घ्या, टॉवेल उडून यंत्रापुढे जाऊ नये.

दुसरा उपाय कानांचा. मॅटवर नीट लागलेल्या चेंडूचा एकच "टक्" येतो. मागे टेकलं की आधी "धप्" आणि मग "टक्". दोन आवाज ऐकू आले की आकडे बघूसुद्धा नका.

कोपर आणि मनगट सांभाळा. कठीण मॅटवर सलग शंभर आयर्न मारले तर प्रत्येक धक्का हातात येतो. पन्नास-साठ चेंडूंनंतर थांबा. कोपराच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली तर तेवढा आठवडा फक्त पटर हातात घ्या.

सेटिंगमध्येही थोडं डोकं घाला. बहुतेक ठिकाणी नवख्याला बरं वाटावं म्हणून वारा बंद असतो, फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) कडक असतो म्हणजे चेंडू खूप घरंगळतो, आणि होलपासून ठरावीक अंतरात आलेला चेंडू पुट न मारताच गेला असं धरतात. मुलिगन, म्हणजे फटका परत मारायची मुभा, एका बटणावर असते. पाचव्या-सहाव्या सत्रापासून वारा मध्यम करून घ्या, ग्रीनवरची सूट कमीत कमी अंतरावर आणा आणि मुलिगन विसरा. तुमचा स्कोअर दहा-पंधरा फटक्यांनी वाढेल. तोच खरा स्कोअर असं धरून चाला.

पुट मैदानावरच शिका

याबाबतीत माझं मत ठाम आहे: पडद्यावर पुटिंगचा सराव करण्यात वेळ घालवू नका. होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा किमान 42.67 मिलिमीटर. म्हणजे जेमतेम अडीच चेंडूंच्या रुंदीएवढीच जागा. त्यात चेंडू टाकायला उतार कळावा लागतो आणि तो पायांना कळतो. पडद्यावर उतार सरकत्या ठिपक्यांच्या जाळीने दाखवतात. तुम्ही सपाट मॅटवर उभे राहून आकडा वाचता: डावीकडे अमुक इतकं धरा. शिवाय हळू सरपटणारा चेंडू मोजणं यंत्राला जड जातं, त्यामुळे कधी बरोबर मारलेला पुट आखूड दाखवतं.

खऱ्या ग्रीनवर चेंडूच्या मागे उकिडवं बसून बघायचं, मग उताराच्या खालच्या बाजूने चालत होलपर्यंत जायचं. पोटरीला चढ जाणवतो. मला त्या पहिल्याच दिवशी कॅडीने जे सांगितलं ते कुठल्याही जाळीपेक्षा उपयोगी पडलं: "आत्ता इथे पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे वाहील, तेवढंच बघा." ज्याने गावी शेताचा बांध पाहिलाय किंवा घराच्या गच्चीवर पाणी कुठे तुंबतं ते पाहिलंय, त्याला हे लगेच उमगतं. खारघरला मैदानाच्या डोक्यावर डोंगर आहे, तेव्हा संशय आला की डोंगर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. ग्रीन सपाट वाटलं तरी उतार बहुधा डोंगरापासून दूर असतो.

घरी सराव करायचा तर गालिच्यावर करा, पण होलऐवजी एक नाणं ठेवा आणि चेंडू त्याच्यावरून जाऊन बरोबर हातभर पुढे थांबेल असा मारा. दिशा लवकर येते, वेग उशिरा येतो.

मैदानावरचा पहिला दिवस

आपल्या भागात खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. सिडकोने डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कजवळ, शंभर हेक्टरांच्या आसपास जागेवर ते उभारलं आणि 2012 मध्ये सुरुवातीच्या अकरा होलांसह ते खेळायला खुलं झालं. बेलापूर-पेंधर मेट्रोला सेंट्रल पार्क नावाचं स्टेशन आहे, तिथून रिक्षा करावी. पलीकडे चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, 1927 सालचा, पण तिथे सभासदाच्या ओळखीने जाणं सोयीचं. निघण्याआधी फोन करून वेळ, शुल्क आणि नवख्यांना कुठल्या वेळी सोडतात ते विचारा. सकाळी पहिल्या तासात उत्साही, जाणते खेळाडू असतात. दुपारी तीननंतर गर्दी विरळ असते आणि मागून कोणी खोळंबत नाही, म्हणून पहिल्यांदा तेव्हाच जा. मार्च ते मे मध्ये मात्र सकाळच बरी, उन्हात चार तास काढणं सोपं नाही.

कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट, टोपी, बूट. जीन्स आणि बिनकॉलरचे कपडे बहुतेक मैदानांवर चालत नाहीत. पाण्याच्या दोन बाटल्या, केळी किंवा चिक्की, एक टॉवेल, दहा-बारा जुने चेंडू. नवे महागडे चेंडू पहिल्या दहा फेऱ्यांत नेऊ नका, झाडीत जाणारच आहेत. कॅडी घ्या. पैसे वाचवायचे म्हणून पहिल्या दिवशी कॅडी टाळणं ही मला सगळ्यात महागडी काटकसर वाटते. त्याला आधीच सांगून टाका की मी नवा आहे, फक्त सिम्युलेटरवर खेळलोय. तो तुम्हाला अवघड क्लब देणार नाही.

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिल्यावर जी गोष्ट जाणवते ती म्हणजे समोर काहीच नसतं. सिम्युलेटरवर मॅटची सरळ कड आणि समोरचा पडदा तुम्हाला आपोआप नेमक्या दिशेला उभं करतात. इथे सगळीकडे आकाश, आणि आपण सरळ उभे आहोत असं वाटत असताना वीस यार्ड उजवीकडे तोंड करून उभे असतो. यावर एक युक्ती आहे. चेंडूच्या मागे जाऊन निशाण्याकडे बघा, त्या रेषेवर चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर एखादं वाळकं पान, काडी, वेगळ्या रंगाचं गवत हेरा. मग बाजूला येऊन क्लबचं तोंड त्या पानाकडे लावा, पाय त्याला समांतर ठेवा. दोनशे यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा दोन फुटांवरचं पान कधीही सोपं.

पुढे उतार. सपाट जमीन तुम्हाला टीवर मिळेल, पुढे क्वचित. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे जातो, पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. उंचावर असताना क्लब थोडा खाली पकडा, खाली असताना गुडघे जास्त वाकवून तसेच ठेवा. चढावर मारताना चेंडू जास्त वर उठतो आणि आखूड पडतो, म्हणून मोठा क्लब. हे सगळं मॅटवर कधीच शिकता येत नाही, कारण मॅट नेहमी सपाट. काही महागड्या सिम्युलेटरमध्ये हलणारी जमीन असते, पण सगळीकडे ती मिळत नाही.

रफ म्हणजे वाढलेलं गवत. सिम्युलेटरमध्ये चेंडू रफमध्ये गेला की तुम्ही त्याच मॅटवरून तसाच फटका मारता आणि यंत्र अंतरातून काही टक्के कापतं. खऱ्या रफमध्ये गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि तोंड डावीकडे फिरवतं. लांब मारायचा विचार सोडा, वेज घ्या, ग्रिप जरा घट्ट करा आणि जवळच्या फेअरवेवर चेंडू काढा.

बंकर हा सगळ्यात मोठा फरक. तिथे चेंडूला मारायचंच नसतं. चेंडूच्या दोन-तीन बोटं मागे वाळूत क्लब घुसवायचा आणि वाळूनेच चेंडू उचलून बाहेर टाकायचा. जी गोष्ट मॅटवर चूक, तीच इथे बरोबर. मारण्याआधी चेंडूच्या लगतच्या वाळूला क्लब टेकवलात तर दंडाचे दोन फटके बसतात. बाहेर आलात की दाताळ्याने वाळू सारखी करा, मागच्याने तुमच्या पावलाच्या खड्ड्यातून का खेळावं?

चेंडू हरवला तर शोधायला 3 मिनिटं मिळतात. 2019 च्या आधी 5 होती. सापडला नाही तर दंडाचा एक फटका आणि पुन्हा जिथून मारला तिथून. पांढऱ्या खुंट्यांबाहेर, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर, गेला तरी तेच. लाल खुंट्यांच्या हद्दीत (पाण्यासारख्या अडथळ्याच्या जागेत) गेला तर एका दंडात, चेंडू हद्दीत शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडता येतो. पडद्यावर हे सगळं एका क्षणात, आपोआप होतं, त्यामुळे सिम्युलेटरवर वाढलेल्या खेळाडूला नियम ठाऊकच नसतात. कॅडीला विचारत राहा.

वेगाचं भान ठेवा. प्रत्येक फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी नियमावलीतच शिफारस आहे. नव्या माणसासाठी माझा नियम: एका होलवर दहा फटके झाले की चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलवर जायचं. कुणी हसत नाही, मागचे आभारच मानतात. चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर जोरात "फोर!" ओरडा. चेंडूचं वजन 46 ग्रॅमच्या आत असतं, पण डोक्याला लागला तर जीवावर बेतू शकतं. संकोचून हळू ओरडणं हा गोल्फमधला सगळ्यात धोकादायक संकोच आहे. दुसरा मारत असताना हलू नका, त्याच्या पुटच्या रेषेवर पाय किंवा सावली पडू देऊ नका. ग्रीनवर तुमच्या चेंडूने पडलेली खूण छोट्या दोन दातांच्या फोर्कने कडेकडून आत दाबून बुजवा. सिम्युलेटर तुम्हाला मैदानाची काळजी घ्यायला शिकवत नाही, कारण तिथे काही मोडतच नाही.

आणि दोन फटक्यांमधला वेळ. पडद्यासमोर अर्ध्या मिनिटाने पुढचा चेंडू असतो, त्यामुळे एका वाईट फटक्याचा राग टिकत नाही. मैदानावर पाच मिनिटं त्या फटक्याबरोबर चालावं लागतं. तेव्हा आजूबाजूला बघा. पावसानंतरच्या महिन्यात डोंगराची हिरवाई, गवतात उतरलेले बगळे, दूर खारघरच्या इमारती. अठरा होलांच्या फेरीत सात-आठ किलोमीटर चालणं होतं. मी या खेळाच्या प्रेमात पडलो ते या चालण्यामुळे.

किती वेळ कुठे

माझा सल्ला असा: पहिले दोन महिने आठवड्याला एक सिम्युलेटर सत्र आणि महिन्यातून दोनदा मैदानावर जाणं, तेही फेरी न खेळता फक्त रेंज, चिपिंग आणि पुटिंगसाठी. तिसऱ्या महिन्यात कमी गर्दीच्या वेळी जमतील तितकेच होल खेळा. मी स्वतः चार महिने पडद्यावरच राहिलो, तेवढं थांबायला नको होतं. मोजायला स्टेबलफर्ड पद्धत घ्या: प्रत्येक होलवर गुण मिळतात आणि बिघडलेल्या होलवर शून्य, म्हणजे एका होलने अख्खा दिवस बुडत नाही. पुढे अधिकृत हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) काढायचा असेल तर त्यासाठी मैदानावरच्याच फेऱ्या धरतात, सिम्युलेटरवरचे स्कोअर चालत नाहीत.

पडद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मनापासून म्हणावीशी वाटते. मैदानाला जमीन लागते, पाणी लागतं, आणि आपल्या खाडीकाठच्या शहरात दोन्ही मोलाचं आहे. सीवूड्सजवळच्या, फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स करण्याचा बेत होता, तो 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोखला. मी गोल्फ खेळणारा माणूस आहे आणि मला तो निर्णय योग्यच वाटला. एका सिम्युलेटरला एक मोठी खोली पुरते. सरावाचा मोठा भाग खोलीत होऊन जी मैदानं आहेत ती नीट वापरली गेली, तर पाणथळींवर डोळा ठेवायची वेळ येणार नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर हे सिम्युलेटरचे दिवस. वहीतले कॅरीचे आकडे पुन्हा तपासा, टॉवेल काढा, फेस अँगल सुधारा. पण उघडीप मिळाली आणि मैदान चालू असेल तर एकदा तरी पावसाळी फेरी खेळा. लोक म्हणतात दमट हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो. खरं तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. चेंडू आखूड पडतो तो ओल्या गवतामुळे, निसटणाऱ्या ग्रिपमुळे आणि जमिनीवर घरंगळणं बंद झाल्यामुळे. म्हणून त्या दिवशी टोटल विसरून फक्त कॅरीवर क्लब निवडायचा. दोन हातमोजे ठेवा, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा. वीज चमकली की खेळ तिथेच थांबवा, झाडाखाली उभे राहू नका, क्लब हातात ठेवू नका.

चेंडू पाण्याच्या डबक्यात थांबला तर दंड नाही, जवळच्या कोरड्या जागी घेता येतो. आणि फेअरवेवर चेंडू उंचावरून पडून चिखलात स्वतःच्याच खड्ड्यात अर्धा रुतला, तर तोही बिनदंड उचलून, पुसून, खड्ड्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता सोडायचा. उचलण्याआधी जागेवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचून खूण करा आणि बरोबरच्याला सांगा. मग तो खड्डा बोटांनी बुजवून पुढे जा.